ट्युनिस ते जर्बा : भूमध्य समुद्राच्या दक्षिण काठाने सायकलवर, १६ दिवस, मायलेकी

खारा वारा

एप्रिल २०२५ मध्ये मी आणि माझी १९ वर्षांची लेक ट्युनिसियाच्या किनाऱ्याने सायकलवर हिंडून आलो. ट्युनिसपासून जर्बा बेटापर्यंत, १६ दिवस, मीटरवर ८२० किलोमीटर. त्यात तीन दिवस मुक्कामी काढले. इथे दोन-तीन जणांनी विचारलं म्हणून धागा काढतेय. रोजनिशी लिहिणार नाही. जिथे मन अडकलं तिथलं सविस्तर लिहीन, बाकीचं भराभर.

आम्ही मिलानजवळ राहतो, त्यामुळे विमान आणि सायकलचं खोकं ही कटकट टाळता आली. जेनोव्हाहून ट्युनिसला मोटारींची मोठी बोट जाते, साधारण एक दिवस लागतो. सायकल ढकलत खालच्या मजल्यावर न्यायची, कठड्याला दोरीने बांधायची आणि वर जाऊन बसायचं. बोटीवर बहुतेक सगळे युरोपात काम करणारे ट्युनिशियन, सुट्टीला घरी निघालेले. प्रत्येक गाडीच्या टपावर ताडपत्रीखाली फ्रिज, गाद्या, मुलांच्या सायकली. गणपतीला कोकणात निघालेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे दृश्य लगेच ओळखीचं वाटेल.

ला गुलेत बंदरात उतरलो. कार्थेजचे अवशेष तिथून हाकेच्या अंतरावर आहेत. आंतोनिनस बादशहाची स्नानगृहं समुद्राला लागून आहेत आणि पलीकडे प्यूनिक लोकांचं (म्हणजे रोमनांच्या आधीच्या कार्थेजवाल्यांचं) गोल लढाऊ बंदर, आता शांत तळ्यासारखं. सिदी बू सईदच्या चढावर गरम बांबालूनी खाल्ली (मैद्याचं तळलेलं कडं, वर साखर) आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सामान लादून निघालो.

पहिले २५ किलोमीटर शहराबाहेर पडण्यातच गेले आणि ते वाईट आहेत, हे आधीच सांगते. ट्रक, धूळ, रस्त्याकडेला प्लॅस्टिक. सोलिमान गाव मागे टाकलं की केप बोन द्वीपकल्प सुरू होतं आणि प्रवासाचा रंगच पालटतो. कोर्बुसला डोंगर थेट समुद्रात उतरतो. एका वळणावर ऐन अत्रूस नावाचा कढत झरा रस्त्याखालून वाहत समुद्रात पडतो. माणसं खडकांवर बसून बरोबर तिथेच पाय सोडतात, जिथे कढत आणि गार पाणी एकमेकांत मिसळतं. चढाने भरून आलेल्या पोटऱ्या त्या पाण्यात अर्ध्या तासात सैल झाल्या.

पुढच्या दिवशी एल हवारियाच्या वाटेवर एक आजीबाई शेताच्या कडेला बसल्या होत्या. आम्ही पाणी प्यायला थांबलो. त्यांनी कुंपणाकडे बोट दाखवलं आणि हसून म्हणाल्या, "हिंदी." मला वाटलं, आम्ही कुठल्या ते विचारताहेत. मी मान डोलावली, "हो, हिंदी." त्यांनी पुन्हा कुंपण दाखवलं, "हिंदी, हिंदी." तिथे फड्या निवडुंगाला हिंदी म्हणतात हे संध्याकाळी कळलं. केप बोनची निम्मी शेतं त्याच्याच कुंपणात आहेत. पुढचा सगळा प्रवास लेक प्रत्येक कुंपणाला "नातेवाईक" म्हणत होती.

बाकी पुढच्या प्रतिसादात लिहिते.

आडवाट

वा! वाचतोय. दोन प्रश्न. सायकली कुठल्या प्रकारच्या नेल्या? आणि उत्तरेकडून दक्षिणेकडेच का? उलट केलं असतं तर?

खारा वारा

@आडवाट, लोखंडी फ्रेमच्या साध्या टूरिंग सायकली, ४० मिलिमीटरचे टायर, मागे दोन पॅनिअर (कॅरिअरला टांगायच्या पिशव्या) आणि पुढे हँडलवर एक पिशवी. प्रत्येकीचं सामान १३-१४ किलो. याहून बारीक टायर नेऊ नका. डांबर बरं आहे, पण रस्त्याची कड तुटकी असते आणि मागून ट्रक आला की आपल्याला त्याच कडेला उतरावं लागतं. व्हॉल्व्ह गाडीच्या ट्यूबसारखा, म्हणजे जाड असलेला बरा, कारण गावोगावी मोपेडवाले हवा भरून देतात.

दिशा मात्र विचार करून ठरवली होती. थंडीत आणि वसंताच्या सुरुवातीला उत्तर ट्युनिसियात वारा बहुधा वायव्येचा असतो. केप बोनचं टोक वळून पूर्वेच्या बाजूला उतरलं की तो पाठीशी येतो. पण एप्रिल पुढे सरकला की दुपारचा वारा समुद्रावरून सुटतो. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, ते मी पहिल्यांदा मांड्यांनी शिकले. सकाळी सहा ते अकरा वारा जमिनीवरून, हलका. साडेअकराला झाडांची पानं थांबतात, पाच-दहा मिनिटं काहीच हलत नाही आणि मग डावीकडून खारा वारा येतो. आमचं वेळापत्रक त्या पाच-दहा मिनिटांवर बेतलेलं होतं. तोवर दिवसाचं दोन तृतीयांश अंतर झालं पाहिजे.

आणि दक्षिणेत वाळवंटावरून येणारा गरम वारा वेगळाच. त्याला तिथे शेहिली म्हणतात. तो आम्हाला एकदाच भेटला, पण त्याबद्दल पुढे.

दगडफूल

ताई, खाण्याचं लिहा हो. शाकाहारी माणसाचं तिथे कसं होईल?

खारा वारा

@दगडफूल, सकाळची काळजी करू नका. लब्लाबी आहे. खोल मातीच्या वाडग्यात शिळा पाव हाताने कुस्करायचा. त्यावर काबुली चण्यांचा कढत रस्सा, जिरेपूड, हरीसा (लाल मिरचीचं वाटण), ऑलिव्हचं तेल, लिंबू. हवं तर अर्धकच्चं अंडं, नको तर सांगायचं. मासा घालायची पद्धतही आहे, म्हणून आधीच "बिना मासा" हे समजावून द्यावं. सकाळी सात वाजता कामावर निघालेल्या माणसांच्या रांगेत उभं राहून हे खाताना मला नाशिकची मिसळ आठवली. चव निराळी आहे, पण तर्रीवर पाव बुडवून दिवस सुरू करायची वृत्ती तीच.

दुसरं, ब्सिसा. भाजलेले गहू किंवा जव, चणे, जिरं, बडीशेप यांचं पीठ, ऑलिव्ह तेलात कालवून. मी पहिला घास घेतला आणि लेकीला म्हटलं, अगं हे सातूचं पीठ आहे! डबाभर घेतलं. दोन चमचे पीठ, खजूर आणि पाणी यावर ४० किलोमीटर निघतात. बाजारातल्या एनर्जी बार वगैरेंची गरज नाही.

पाव स्वस्त आहे. सरकारी अनुदानामुळे साधी बगेट १९० मिलिमला मिळते (१००० मिलिम म्हणजे एक दिनार). पण बेकरीसमोरच्या रांगा पाहून मी कधी दोनच्या वर घेतल्या नाहीत. पीठ कमी पडतं तेव्हा तिथल्या माणसालाच पुरत नाही.

आणि दिनार देशाबाहेरून आणता येत नाहीत, बाहेर नेताही येत नाहीत. उतरल्यावर बदलून घ्यायचे, पावती जपून ठेवायची.

घाटमाथा

मस्त चाललंय. वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

खारा वारा

पुढे चालू.

एल हवारियाहून केलिबियाला जाताना १२ किलोमीटरवर केर्कुआन लागतं. या अख्ख्या सफरीत एकच प्राचीन जागा बघायला वेळ असेल तर मी हिला मत देईन. कार्थेज रोमनांनी जाळलं आणि त्यावरच स्वतःचं शहर बांधलं, त्यामुळे तिथे खरे कार्थेजवाले खाली गाडलेले. केर्कुआन इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात ओस पडलं आणि त्यावर पुन्हा कोणी घर बांधलं नाही. १९५२ मध्ये ते सापडलं. कमरेइतक्या उंचीच्या भिंती, मध्ये गल्ल्या, आणि जवळपास प्रत्येक घराच्या दारातून आत शिरलं की बाजूला एक लहानसं न्हाणीघर. लालसर गिलाव्याचं बसून आंघोळ करायचं टाकं, हात टेकायला कडा, पाणी वाहून जायला पन्हळ. राजवाडा नाही, मासेमारांचं आणि जांभळा रंग काढणाऱ्यांचं गाव. शिंपल्यातल्या गोगलगायीपासून तो रंग निघायचा. एका उंबऱ्याशी लाल फरशीत पांढऱ्या तुकड्यांनी तानित देवीची खूण जडवलेली आहे: त्रिकोण, वर आडवी रेघ, वर गोल. आपण उंबऱ्यापाशी रांगोळीची बोटं ओढतो, त्याच जागी. लेक त्या उंबऱ्यापाशी बराच वेळ बसून राहिली. समोर समुद्र, मागे रोझमेरीची झुडपं, आणि आमच्याशिवाय फक्त पहारेकरी.

केलिबियाचा किल्ला टेकडीवर आहे. सायकल खाली ठेवून चढलो. तिथून पुढे कोर्बाच्या खाजणात रोहित पक्षी, शेकड्यांनी.

नाबेल. इथे एक दिवस मुक्काम केला आणि तो दोन दिवसांचा असायला हवा होता. एप्रिलमध्ये तिथे कडू संत्र्याच्या झाडांची फुलं उतरवतात. झाडाखाली चादरी पसरायच्या, बायका शिडीवर चढून फुलं ओरबाडतात, खाली सगळं पांढरं. ती फुलं बाजारात वजनावर विकली जातात आणि घरोघरी तांब्याच्या भांड्यात त्यांचा अर्क काढला जातो. ज्यांच्याकडे राहिलो त्या घराच्या अंगणात भट्टी पेटलेली होती. मालकीणबाई रात्री दोनदा उठून आच बघत होत्या. आच वाढली तर अर्काला जळका वास लागतो, म्हणाल्या. सकाळी निघताना त्यांनी आमच्या पाण्याच्या बाटल्यांत एकेक चमचा टाकला. स्फाक्सपर्यंत बाटल्यांना तो वास होता.

हरीसाही याच भागातली. लाल मिरची उन्हात वाळवून, लसूण, धने, शहाजिरं घालून वाटलेली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. मला ठेच्याची सवय आहे, तरी पहिल्या दिवशी जपून खाल्ली.

हमामेत हॉटेलांचं आहे. आम्ही थांबलो नाही.

भीमथडी

ताई, निवडुंगाचं वाचून लिहायला बसलो. मी शेतीखात्यात होतो. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं सांगायची, पूर्वी माळच्या माळ फड्या निवडुंगाने भरलेले होते आणि मग कीड पडून ते नाहीसे झाले. ती कीड म्हणजे कोचिनीलचा किडा. इंग्रजांनी १७९५ मध्ये तांबडा रंग काढायला म्हणून ब्राझीलहून किडा आणला, तो रंगाच्या जातीचा निघाला नाही, पण निवडुंगाची एक जात त्याने साफ केली. दुसरी जात राहिली होती, तिच्यासाठी १९२६ मध्ये दुसरा किडा आणला. आपल्याकडे निवडुंग हे तण, म्हणून किडा मित्र ठरला. ट्युनिसियात निवडुंग हेच कुंपण, चारा आणि फळ आहे. तिथे हा किडा शिरला तर हाहाकार होईल.

खारा वारा

@भीमथडी काका, शिरला आहे. २०२१ मध्ये महदियाच्या परिसरात तो पहिल्यांदा सापडला. केप बोनला हिरवीगार कुंपणं पाहिली आणि महदियाजवळ आलो तेव्हा काही ठिकाणी पानांवर कापसासारखा पांढरा थर, खालचे दांडे काळे पडून कोसळलेले. एका शेतकऱ्याने तो पांढरा ठिपका नखाने चिरडला, बोट रक्तासारखं लाल झालं. त्याने ते बोट आम्हाला दाखवलं आणि काहीच बोलला नाही. उन्हाळ्यात गाईला हिरवं म्हणून तेच मिळतं. तुम्ही लिहिलंत त्यामुळे त्या लाल बोटाचा आपल्याशी असलेला धागा मला आज कळला. मनापासून आभार.

दगडफूल

काका, हा प्रतिसाद वेगळा धागा होण्याजोगा आहे. लिहाच.

सह्यवासी

दोघीच बायका, मुस्लिम देश. सुरक्षिततेबद्दल स्पष्ट लिहा ताई. माझी बायको आणि तिची मैत्रीण असाच बेत करताहेत आणि घरात रोज वाद चाललेत.

खारा वारा

@सह्यवासी, स्पष्टच लिहिते.

आम्हाला कोणी हात लावला नाही, कोणी पाठलाग केला नाही. बघतात मात्र खूप. सायकलवर बायका, त्यात सावळ्या, त्यात पाठीमागे एवढं सामान. कॅफे बहुतेक पुरुषांनीच भरलेले असतात. तिथे बसायला मला अवघड वाटलं, म्हणून आम्ही मिठाईच्या दुकानांत बसायचो, तिथे बायकामुलं असतात. तंबू नेला नव्हता, त्याचा पश्चात्ताप झाला नाही. मुक्काम लहान पाहुणघरांत, किंवा सरकारी युवागृहांत. ती जवळपास प्रत्येक मध्यम गावात आहेत. खोल्या साध्या, पण चौकीदार असतो आणि सायकली आत घेऊ देतात.

नॅशनल गार्डच्या नाक्यांवर चार-पाच वेळा थांबवलं. पासपोर्ट बघतात, कुठून-कुठे विचारतात. एकदा स्फाक्स-गाबेसच्या मधल्या स्किराच्या पुढे त्यांची गाडी आठ-दहा किलोमीटर आमच्या मागे हळूहळू येत राहिली. आधी भीती वाटली. नंतर कळलं, पुढच्या नाक्यापर्यंत पोचवायची त्यांना सूचना होती. सतत कोणीतरी मागे असणं मला आवडलं नाही, हे खरं. पण त्यांनी रीतीने वागवलं.

कुत्रे हा खरा त्रास. केप बोनच्या शेतातून तीन-तीन कुत्रे धावून येतात. जोरात पळवायचं नाही. उतरायचं, सायकल मध्ये धरायची, चालत राहायचं. खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं की थांबतात.

"हिंद" म्हटलं की चेहरे उजळतात. शाहरुखचं नाव निघतं, चाळिशीच्या पुढचे अमिताभ म्हणतात. भाषा अडली तर लेकीचं फ्रेंच होतं. पण "असलेमा" आणि "यएशेक" (नमस्कार आणि आभार) एवढे दोन शब्द त्यांच्या बोलीत म्हणा, फ्रेंचपेक्षा जास्त दारं उघडतात.

आणि दमलात, वारा उलटा लागला, तर लुआज आहेत. गाव ते गाव धावणाऱ्या वडापच्या पांढऱ्या व्हॅन. लाल पट्टा लांबच्या, निळा पट्टा जवळच्या, पिवळा पट्टा खेड्यांतल्या. सायकल टपावर बांधतात. वहिनींना सांगा, हा पर्याय कायम हाताशी आहे हे माहीत असलं की निम्मी भीती जाते.

आडवाट

साहेलचा, म्हणजे सूस-महदियाच्या किनाऱ्याचा भाग कसा वाटला? नकाशात सूस ते महदिया रेल्वे समुद्राला लागूनच दिसते.

खारा वारा

@आडवाट, हो, साहेल मेट्रो. सूस, मोनास्तीर, महदिया जोडते. वस्ती सलग आहे, दोन गावांच्या मध्ये मोकळं असं फार थोडं. त्या तीन दिवसांबद्दल माझ्याकडे लिहिण्यासारखं कमी आहे, पण दोन गोष्टी सांगते. सूसच्या अलीकडे हेर्ग्ला म्हणून पांढरं गाव कड्यावर आहे. तिथे अल्फा नावाच्या गवताच्या गोल, मध्ये भोक असलेल्या चटया विणतात. त्यांच्यात ऑलिव्हचा लगदा भरून एकावर एक रचायच्या आणि घाण्यात दाबायच्या. दुसरी गोष्ट महदियाचं कबरस्तान. भूशिराच्या टोकाला, उतारावर पांढऱ्या कबरी थेट लाटांपर्यंत, मध्ये पिवळी रानफुलं. फातिमी खलिफांनी दहाव्या शतकात ही राजधानी वसवली आणि पुढे त्यांनी इजिप्त जिंकलं. आता त्यांच्या बंदरात चार लहान होड्या असतात.

महदियाहून आत वळून एल जेम, ४२ किलोमीटर. दोन्ही बाजूंना ऑलिव्ह, रांगा इतक्या सरळ की सायकलवरून बघताना चाकाच्या आऱ्यांसारख्या फिरतात. १० किलोमीटरवरूनच ते रोमन रंगमंडल दिसायला लागतं, सपाट जमिनीवर एकटंच. त्यात ३५ हजार माणसं बसत असतील असा अंदाज आहे. एवढं दगडी काम इथे कशाच्या पैशावर, तर ऑलिव्हच्या तेलावर. रस्त्याने जे दोन तास बघत आलो तेच.

कोळीवाडा

स्फाक्ससमोरच्या बेटांवर गेलात का? तिथल्या मासेमारीबद्दल ऐकून आहे.

खारा वारा

@कोळीवाडा, गेलो, आणि तुमच्यासारख्या माणसाने तिथे जायलाच हवं.

केर्केना बेटं. स्फाक्सहून मोठी फेरीबोट, सव्वा तास. सगळ्यात उंच जागा १३ मीटर, त्यामुळे सायकलला स्वर्ग. दोन मुख्य बेटं बांधाने जोडलेली आहेत. खजुराची झाडं विरळ, पाणी उथळ, पाव किलोमीटर आत गेलं तरी गुडघाभर.

भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाहीच, असं आपण वाचतो. गाबेसच्या आखातात मात्र ती दीड-दोन मीटरपर्यंत जाते आणि त्या जोरावर तिथे शार्फिया उभ्या आहेत. खजुराच्या झावळ्या समुद्राच्या तळात एकमेकींना लागून खोचायच्या, लांबच लांब कुंपण. ओहोटीला मासा मागे फिरतो, कुंपणाला अडतो, कडेकडेने सरकत टोकाच्या खोलीत शिरतो आणि तिथे लावलेल्या सापळ्यात जिवंत राहतो. मासेमार होडीतून जाऊन तेवढाच उचलतो. शार्फिया पिढीजात मालकीच्या असतात. शरदात उभारायच्या आणि जूनमध्ये थांबायचं, उन्हाळाभर समुद्राला विश्रांती. २०२० मध्ये ही पद्धतही युनेस्कोच्या यादीत गेली.

ऑक्टोपससाठी मातीची मडकी. दोरीला पन्नास-साठ बांधून तळाशी सोडतात. आमिष काही नाही. ऑक्टोपसला घर हवं असतं, तो आपणहून आत जाऊन बसतो.

ज्या मासेमाराने होडीत घेतलं त्याने तक्रार एकच केली. लांबून येणाऱ्या मोठ्या होड्या तळ खरवडणारी जाळी ओढत जातात, झावळ्या मोडतात आणि समुद्रगवत उपटतात. ते गवत गेलं की मासा कुठे वाढणार, हा त्याचा प्रश्न. त्याचे दोन मुलगे स्फाक्सला आहेत. यंदा झावळ्या खोचायला त्याने मजूर लावले.

कोळीवाडा

ताई, डोळ्यांपुढे उभं केलंत. आमची डोलही अशीच, पाण्याच्या ओढीवर. खुंट रोवायचे, जाळं तोंड उघडं ठेवून लावायचं आणि ओढीने म्हावरं आत येतं. आमच्याकडेही पावसाळ्यात बंदी असते आणि आमच्याकडेही ट्रॉलर आणि पर्ससीनवाल्यांशी हेच भांडण. आज्जाने रोवलेल्या खुंटांची जागा आम्ही अजून नावाने ओळखतो. त्या मासेमाराला माझा नमस्कार पोचवता आला तर पोचवा.

खारा वारा

@कोळीवाडा, त्याच्या धाकट्या मुलाचा नंबर लेकीकडे आहे. फ्रेंचमध्ये लिहून आजच पाठवते.

सह्यवासी

स्फाक्स ते गाबेस हा पट्टा कंटाळवाणा आहे, लुआज घ्या, असं सगळीकडे वाचलं. तुमचं मत?

खारा वारा

@सह्यवासी, या पट्ट्यावर माझं मत ठाम आहे, म्हणून जरा लांबण लावते.

१४० किलोमीटर, राष्ट्रीय रस्ता क्रमांक १, दोन दिवस. पहिल्या ३५ किलोमीटरवर महरेस, समुद्राकाठी शिल्पं उभी केलेली बाग आहे. नंतर सपाट, भुरं, ट्रकचा रस्ता. स्किराला तेलाच्या टाक्या. याच पट्ट्यात शेहिली लागला. सकाळी नऊलाच तोंडावर भट्टी उघडल्यासारखं. ओठ फुटले, वाळू दातांत. लेकीच्या मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले. एक पिकअपवाला थांबला, त्याने टपरीवर नेलं, आणि टपरीवाल्याने मोपेडचा स्पोक कापून आटे पाडून बसवला. पैसे घेतले नाहीत. आम्ही शेवटी खजुराचा डबा त्याच्या मुलीच्या हातात ठेवला.

पण हा पट्टा सोडू नका असं मी म्हणते त्याचं कारण दुसरं आहे.

स्फाक्समधून बाहेर पडताना गाबेसच्या रस्त्यावर राष्ट्रकुलाची युद्धस्मशानभूमी आहे. गवत कापलेलं, पांढऱ्या शिळा ओळीत. आम्ही पाणी भरायला म्हणून आत गेलो होतो. आणि समोर नावं: राजपुताना रायफल्स, पंजाब रेजिमेंट, गुरखा रायफल्स. १९४३ च्या मार्च-एप्रिलमध्ये चौथी भारतीय डिव्हिजन याच रस्त्याने, आम्ही जात होतो त्याच्या उलट दिशेने, दक्षिणेकडून उत्तरेला लढत आली होती. मारेथची तटबंदी, मग वादी अकारित, मग एन्फिदाविलच्या (आताच्या एन्फिदाच्या) टेकड्या. कंपनी हवालदार मेजर छेलू राम या स्मशानभूमीतच आहेत. हरियाणाचे. १९ आणि २० एप्रिलच्या मधल्या रात्री एन्फिदाच्या टेकड्यांतल्या जेबेल गार्सीवर जखमी अधिकाऱ्याला सांभाळत, स्वतः जखमी असताना, गोळ्या संपल्यावर माणसं हाताशी धरून लढले आणि गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. आम्ही स्मशानभूमीत १५ एप्रिलला होतो. एन्फिदाच्या त्या टेकड्या मी आठवड्यापूर्वी उजव्या-डाव्या काहीच न बघता, हेर्ग्लाला लवकर पोचायच्या घाईत मागे टाकल्या होत्या.

लेकीने विचारलं, हे कोणासाठी लढले? स्वतःचा देश तर गुलाम होता. मला नीट उत्तर देता आलं नाही. आम्ही ओळीने सगळ्या भारतीय नावांपाशी थांबलो. मोठ्याने वाचली. तास गेला, वारा सुटला, त्या दिवशी मुक्कामाला अंधारात पोचलो.

दुसऱ्या दिवशी, गाबेसच्या ३० किलोमीटर अलीकडे वादी अकारित. ओढा म्हणावा तर एवढासा. समुद्राच्या बाजूला रुमानाची उघडी धार, आत फतनास्साचे सुळके. ५ एप्रिलच्या रात्री गुरख्यांच्या तुकडीने अंधारात ते सुळके चढून घेतले, पुढे सुभेदार लालबहादुर थापा, अरुंद घळीतून, खुकरी आणि पिस्तूल घेऊन. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते परत घरी गेले. मोटारीतून हे अर्ध्या मिनिटात मागे पडतं. सायकलवरून ती धार तासभर समोर असते, मोठी होत जाते. किती उघड्यावर होते ते, हे तेव्हा कळतं.

गोदाकाठ

पहिल्यांदाच लिहितोय इथे. माझे पणजोबा खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून आफ्रिकेत गेले होते. परत आले, गावी विहिरी खणल्या, १९७१ मध्ये वारले. आजी सांगायची, त्यांना कोणी "लढाईत काय केलंत" विचारलं की म्हणायचे, "रस्ते साफ केले." सुरुंग काढायचे म्हणजे. मी पुण्यात वीकेंडला सायकल चालवतो, १०० किलोमीटरच्या राइड केल्यात, पण सामान घेऊन कधी नाही. येत्या मार्चमध्ये गाबेस ते स्फाक्स एवढाच पट्टा करायचं मनात आलंय. दोन दिवसांत होईल?

दगडफूल

@गोदाकाठ, अंगावर काटा आला. जाच.

खारा वारा

@गोदाकाठ, दादा, होईल. तुम्ही उत्तरेला जाणार, म्हणजे त्यांच्याच दिशेने. मार्चमध्ये वायव्येचा वारा तोंडावर असेल, म्हणून तीन दिवस धरा. जमलं तर गाबेसच्या दक्षिणेला मारेथपासून सुरू करा. ४० किलोमीटर वाढतील, पण तिथे तटबंदीचं संग्रहालय आहे आणि फ्रेंचांनी बांधलेले काँक्रीटचे बुरूज अजून शेतात दिसतात.

गाबेसला समुद्रात पोहायचा विचार करू नका. फॉस्फेटच्या कारखान्यांनी ते पाणी अनेक दशकं खराब केलंय. २०२५ च्या ऑक्टोबरात लोक त्याविरुद्ध हजारोंनी रस्त्यावर आले होते, मुलांना श्वासाचा त्रास झाल्यावर. पण खजुराची बाग जरूर बघा. वर खजूर, खाली डाळिंब, त्याखाली भाजी आणि मेंदी, एकाच पाटावर तीन मजल्यांची शेती, आणि ती थेट समुद्रापर्यंत उतरते. आम्ही तिथे दिवसभर पडून होतो.

(जर्बाबद्दल सगळ्यांसाठी थोडक्यात: जोर्फहून आजिमला बोट, पंधरा मिनिटं. गेलालाचे कुंभार, जमिनीखाली बांधलेल्या इबादी पंथाच्या मशिदी, एर-रियाधचं जुनं ज्यू प्रार्थनागृह, चुन्याने रंगवलेली बसकी घरं. बेट सपाट आहे, तीन दिवस निवांत फिरावं. आम्हाला एकच मिळाला.)

आता तुमच्या कामाचं. गाबेसहून निघाल्यावर वादी अकारितपर्यंत ३० किलोमीटर आहेत. ओढ्यावरचा पूल इतका लहान आहे की खाली बघितलं नाही तर निघून जातो. ओढ्यात झाऊची झुडपं आहेत, तीच खूण. पुलाजवळ दुकान नाही, सावली नाही. गाबेसलाच प्रत्येकी तीन लिटर पाणी भरून घ्या. सकाळी आठच्या आत पोचा, तेव्हा ऊन रुमानाच्या धारेवर तिरपं पडतं आणि घळी उठून दिसतात. पॅनिअर नसतील तर माझ्याकडची जुनी जोडी आहे, डिसेंबरमध्ये नाशिकला येतेय, घेऊन येते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गोदाकाठ

व्यनि केलाय ताई. मोजपट्टी लावून कॅरिअरचं मापही पाठवलंय.

भीमथडी

पाण्याच्या बाटलीबरोबर मिठाची पुडी ठेवा दादा, आणि लिंबू.